शेवट बदलण्याआधी: डार्क चित्रपटांतील समलिंगी पात्रांविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण लेखकाने मराठी चित्रपटाची पटकथा लिहिली आहे. तिचा नायक सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेचा शाखाधिकारी आहे. चाळिशीतला, विवाहित, एका मुलीचा बाप. मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाशी त्याचे संबंध जुळतात, कोणीतरी चोरून चित्रफीत काढतो, पैशांची मागणी सुरू होते, नायक संस्थेच्या पैशांना हात लावतो आणि शेवटी जीव देतो. खर्डा वाचलेल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की समलिंगी पात्राला शेवटी मारून टाकण्याची रीत जुनी आणि अन्यायाची आहे. एका निर्मात्याचे म्हणणे असे की शेवट गोड केला तर मग हा डार्क चित्रपट कसला. दोघांच्या मध्ये सापडलेला लेखक विचारतो आहे, की शेवट बदलू की ठेवू?

मी गेली बरीच वर्षे दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्यांवर काम करतो, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. तुमची मैत्रीण आणि तुमचा निर्माता दोघेही शेवटच्या पाच पानांकडे पाहत आहेत आणि माझ्या मते अडचण त्या पानांत नाही. तुमच्या चित्रपटातला अंधार नेमका कुठून येतो, हा खरा प्रश्न आहे. तो नायकाच्या प्रेमातूनच पाझरतो आहे असे पटकथा नकळत सुचवत असेल, तर त्याला जिवंत ठेवूनही चित्रपट जुनाच राहील. आणि तो माणसांच्या हेतूंतून, त्यांच्या स्वार्थातून आणि नायकाच्या स्वतःच्या निर्णयांतून येत असेल, तर मृत्यूही न्याय्य ठरू शकतो. काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. कथा कोणत्या वर्षी घडते, चित्रपट चित्रपटगृहासाठी आहे की ओटीटीसाठी, आणि या जगाशी तुमची ओळख किती जवळची आहे, हे तुमच्या प्रश्नात नाही. त्यामुळे पुढचे काही मुद्दे तुम्हाला तुमच्या परिस्थितीला लावून पाहावे लागतील.

मैत्रिणीची तक्रार हलक्याने घेऊ नका, कारण तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. समलिंगी नायकाविषयी उघड सहानुभूतीने बोलणाऱ्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक म्हणजे १९१९ चा जर्मन मूकपट 'आंडर्स आल्स दी आंडर्न'. दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड, प्रमुख भूमिकेत कॉनराड फाइट, आणि लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांचा लेखनातही सहभाग व पडद्यावरही वावर. त्याचा नायक व्हायोलिनवादक आहे, त्याला एक खंडणीखोर पिळतो, प्रकरण न्यायालयात जाते आणि नायक आत्महत्या करतो. म्हणजे खंडणी आणि आत्महत्या हा तुमचा आराखडा पहिल्यापासूनच या प्रकाराला चिकटलेला आहे. फरक एवढाच की त्या चित्रपटाचा रोख स्पष्ट होता. पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे जर्मन दंडसंहितेचे १७५ वे कलम हा खंडणीखोरांचा धंदा चालवणारा कायदा आहे, हे त्याला ठासून सांगायचे होते. पुढच्याच वर्षी त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आली.

पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या आणि हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मितीसंहितेने समलिंगी संबंधांचा उल्लेखही निषिद्ध ठरवला. परिणाम असा झाला की अशी पात्रे नाहीशी झाली नाहीत, ती आडून येऊ लागली, आणि आडून येणाऱ्या पात्रासाठी खलनायकाची जागा सर्वांत सोयीची होती. हिचकॉकच्या १९४८ च्या 'रोप'मधले दोन खुनी तरुण एकमेकांचे कोण आहेत हे चित्रपट एकदाही उच्चारत नाही, पण जाणत्या प्रेक्षकाला ते कळते. १९६१ मध्ये संहिता शिथिल झाली आणि त्याच वर्षी विल्यम वायलरचा, दोन शिक्षिकांविषयीच्या नाटकावर बेतलेला 'द चिल्ड्रन्स अवर' आला. वायलरने याच नाटकावर १९३६ मध्ये चित्रपट केला होता, तेव्हा दोन स्त्रियांमधला विषय पार पुसून तिथे स्त्री-पुरुषांचा त्रिकोण घालावा लागला होता. १९६१ मध्ये विषय उघडपणे मांडता आला, आणि दोघींपैकी एक शिक्षिका दुसरीविषयीच्या आपल्या भावना कबूल करून थोड्याच वेळात गळफास घेते. पडद्यावर बोलण्याची मुभा मिळाली ती जणू मरण्याच्या अटीवर. व्हिटो रुसो या अभ्यासकाने १९८१ च्या आपल्या 'द सेल्युलॉइड क्लोझेट' या पुस्तकाच्या शेवटी अशा पात्रांची आणि ती कशी मेली याची यादीच दिली. खून, आत्महत्या, अपघात अशा त्या ओळी एकाखाली एक वाचल्या की एखाद्या लेखकाने स्वतंत्रपणे विचार करून लिहिलेला मृत्यूही त्या रांगेत कसा जाऊन उभा राहतो, हे कळते.

मराठीतही हे आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली, दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा ऊर्फ मित्रा शेवटी जीव देते. नाटक १९८१ चे आहे आणि त्या काळी एवढे धाडस करणारे दुसरे कोण होते, हा प्रश्न रास्तच आहे. मला त्या नाटकाविषयी आदर आहे. पण आज ते पुन्हा वाचताना माझे लक्ष मृत्यूपेक्षा निवेदकाकडे जाते. सुमित्राची गोष्ट आपल्याला बापूच्या तोंडून कळते. तिच्यावर जीव असलेल्या, तिला समजून घेऊ पाहणाऱ्या एका पुरुषाच्या नजरेतून ती आपल्यापुढे येते. मित्रा एकटी असताना कशी असते हे आपल्याला फारसे कळत नाही.

इथून मी माझ्या पद्धतीकडे येतो. अशी पटकथा हातात आली की मी पहिल्या वाचनात समासात दोनच गोष्टी लिहितो: नायकावर झालेला प्रत्येक आघात कोणी केला, आणि करणाऱ्याला त्यातून काय मिळाले. दर वेळी 'तो गे आहे म्हणून' एवढेच उत्तर आले तर लेखकाने काम अर्धवट सोडले आहे असे मी समजतो. पूर्वग्रह हा वातावरणासारखा सगळीकडे असतो हे खरे, पण वातावरण कोणाच्या दारावर थाप मारत नाही. थाप मारणारा कोणीतरी असतो आणि त्याचा काही हिशेब असतो.

या दृष्टीने मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण 'अलीगढ'चे आहे. हंसल मेहता दिग्दर्शित, अपूर्व असरानी लिखित हा हिंदी चित्रपट २०१६ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. तो प्रा. रामचंद्र सिरस यांच्यावर आहे. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. कवी होते आणि 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका रिक्षाचालकासोबत त्यांचे चित्रीकरण झाले आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते आपल्या घरात मृतावस्थेत आढळले. यातली एक गोष्ट पटकथाकाराने नीट पाहावी. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. म्हणजे सिरस यांच्यासोबत हे घडले तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता, न्यायालयही त्यांच्या बाजूने गेले, आणि तरीही ते वाचले नाहीत. याहून काळोखी रचना कल्पनेने उभी करणे अवघड आहे.

हा चित्रपट मृत्यूने संपतो, तरी रुसोच्या यादीत जाऊन बसत नाही असे मला वाटते. सिरस कोण होते हे दाखवायला चित्रपट भरपूर वेळ देतो. हातात मद्याचा पेला घेऊन लता मंगेशकरांचे जुने गाणे ऐकत, स्वतःशी गुणगुणत बसलेले मनोज बाजपेयींचे सिरस आपण बराच वेळ पाहतो. त्या प्रसंगात कथानक पुढे सरकत नाही. कोणतीही माहिती मिळत नाही. निर्माते अशा प्रसंगावर पहिली लाल रेघ मारतात. पण एकटा असताना हा माणूस सुखी असू शकतो, त्याचे एक भरलेले आयुष्य आहे, हे त्या प्रसंगाशिवाय कळले नसते आणि मग जे हिरावले गेले त्याचे मोलही कळले नसते. न्यायालयात आपल्याच आयुष्याचा निवाडा चालू असताना हे गृहस्थ कंटाळून पेंगतात किंवा कवितांच्या अनुवादात गुंततात, हा तपशीलही तसाच. पीडिताने सतत पीडित दिसावे ही आपली अपेक्षा तो मोडतो. शिवाय आघात करणाऱ्यांचे हिशेबही चित्रपट सुचवतो: विभागातली असूया, पदावरून चाललेले राजकारण, आणि उर्दूच्या गावात मराठी शिकवणारा एकटा, परका माणूस.

कॅमेऱ्याचे स्थानही बघा. ती घुसखोरी आपल्याला सुरुवातीला इमारतीबाहेरून, दुरून दिसते. घुसणाऱ्यांच्या कॅमेऱ्यामागे प्रेक्षकाला लगेच उभे केलेले नाही. तुमच्या सारांशात 'चित्रफीत दिसते' असे शब्द आहेत. ती कोणाला दिसते? नायकाला, की आम्हालाही? आम्हाला दाखवली तर आम्ही त्या खंडणीखोराचे गिऱ्हाईक झालो. मी असतो तर फोनचा पडदा एकदाही दाखवला नसता. फोन बघणाऱ्यांचे चेहरे दाखवले असते, आणि तेही थोडकेच.

दुसरे उदाहरण अँग लीच्या २००५ च्या 'ब्रोकबॅक माउंटन'चे घेतो, कारण मृत्यू कोणाच्या डोक्यात घडतो आहे हा मुद्दा त्यात स्पष्ट दिसतो. जॅक आणि एनिस हे त्यातले एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष. जॅक कसा गेला हे एनिसला जॅकच्या पत्नीकडून फोनवर कळते. ती सांगते, टायर फुटला, लोखंडी कडा तोंडावर आदळली. ती हे सांगत असताना पडद्यावर मात्र काही माणसे जॅकला मारहाण करताना दिसतात. खरे काय, हे चित्रपट सांगत नाही. पण आपल्याला आधीच ठाऊक असते की लहानपणी बापाने एनिसला मुद्दाम नेऊन एका मारून टाकलेल्या माणसाचे प्रेत दाखवले होते. दोन पुरुष एकत्र राहिले तर काय होते, त्याचा तो धडा होता. म्हणजे फोनवर बोलताना जे दिसते ते कदाचित एनिसच्या भीतीने रंगवलेले चित्र आहे. ती भीती त्याला आयुष्यभर जॅकसोबत राहू देत नाही आणि शेवटी जॅकच्या मरणाचा अर्थही तीच लावते. इथे जॅकचा मृत्यू ही कोणाला झालेली शिक्षा वाटत नाही, कारण चित्रपट जॅकपेक्षा एनिसने काय होऊ दिले नाही याविषयी आहे.

याच चित्रपटातील पत्नीचा प्रसंग तुमच्या उपयोगाचा आहे. एनिसची पत्नी अल्मा दोघांना एकत्र पाहते आणि वर्षानुवर्षे काही बोलत नाही. घटस्फोटानंतर एका सणाच्या जेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरात ती सांगते, की तू मासे धरायला म्हणून जायचास तेव्हा एकदा मी तुझ्या गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधून ठेवली होती. तू परत आलास तेव्हा ती तशीच होती. एवढ्या एका वस्तूत तिची सगळी वर्षे येतात. ती मूर्ख नव्हती, तिने तपासून पाहिले होते, आणि कळूनही संसार रेटला होता. आपल्याकडच्या पटकथांत अशी पत्नी एकतर रडते, नाहीतर शेवटी अचानक समंजस होऊन नवऱ्याला मोकळे करते. तुमच्या सारांशात ती तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा ती दाराशी उभी आहे. तिला एक चिठ्ठी बांधायला द्या. तुमच्या गावात ती चिठ्ठी कदाचित मोटारसायकलचे किलोमीटर लिहून ठेवण्याच्या रूपात असेल, कदाचित जेवणाच्या डब्यात असेल. ते तुम्हाला अधिक चांगले कळेल.

आता तुमच्या कथेचे वर्ष. हा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारतो आणि बहुतेक लेखक 'आजकालची' असे उत्तर देतात. एवढ्याने भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तुमची कथा २०१५ मध्ये घडत असेल तर खंडणीखोर सरळ 'पोलिसांत जातो' म्हणून धमकावू शकतो, आणि प्रसंगी पोलिसच खंडणीखोर असू शकतो. ओनीरच्या 'आय अॅम' या चित्रपटातील एक गोष्ट नेमकी यावर आहे. कथा २०२५ मध्ये घडत असेल तर गुन्हेगार एकटा खंडणीखोर आहे आणि तक्रार करण्याचा हक्क तुमच्या नायकाकडे आहे. मग तो ठाण्यात का जात नाही? तुमच्या पटकथेत यावर एक ओळही नाही, आणि सगळे नाट्य तर तिथेच आहे. ठाण्यातला हवालदार संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा आहे म्हणून? मुलीचे स्थळ जमत आले आहे म्हणून? फिर्यादीत त्या तरुणाचे नाव लिहावे लागेल आणि त्याच्या घरी अजून काही माहीत नाही म्हणून? यातले शेवटचे कारण निवडलेत तर तुमचा नायक एकदम भित्र्या माणसातून प्रेम करणाऱ्या माणसात बदलतो, आणि त्यासाठी एक प्रसंग पुरतो.

खंडणीच्याच कथेत मृत्यू कुठे ठेवावा, याचा उत्तम नमुना बॅसिल डिअर्डनचा १९६१ चा ब्रिटिश चित्रपट 'व्हिक्टिम' आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होता; वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये बदल सुचवला होता, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलायला १९६७ उजाडले. चित्रपटात बॅरेट नावाचा साधा तरुण खंडणीखोरांना पैसे देण्यासाठी मालकाच्या पैशांवर हात मारतो, पकडला जातो आणि कोठडीत गळफास घेतो. तुमची कथा इथे संपते. 'व्हिक्टिम' इथे सुरू होतो. डर्क बोगार्डने साकारलेला प्रतिष्ठित, विवाहित वकील फार हा त्या तरुणाच्या जवळचा होता आणि त्याने त्याचे फोन टाळले होते. उरलेला चित्रपट त्या अपराधभावनेने पेटलेल्या फारचा आहे. खंडणीखोरांना न्यायालयात उभे केले तर आपली कारकीर्द संपणार हे माहीत असून तो मागे हटत नाही. शेवट गोड नाही, पण त्या माणसाने काहीतरी केलेले आहे. एकच मृत्यू शेवटी ठेवला तर तो निकाल होतो आणि सुरुवातीला ठेवला तर प्रश्न होतो. जागा बदलण्याने किती फरक पडतो ते पाहा.

तुमच्या निर्मात्याच्या शंकेकडे येतो. शेवट मऊ केला की डार्कपणा जातो ही त्याची भीती पूर्ण चुकीची नाही. चांगुलपणाच्या आग्रहापोटी समलिंगी पात्राला सोज्ज्वळ, सोशिक, कधी कोणाचे वाईट न करणारे बनवले जाते, आणि असे पात्र डार्क चित्रपटात निर्जीव दिसते. मला विचाराल तर तुमच्या नायकाचा खरा दोष हाच आहे. तो फार निर्मळ आहे. तो संस्थेच्या पैशांना हात लावतो खरा, पण तुम्ही ते दोन वाक्यांत उरकले आहे, जणू तेही त्याच्यावर झालेल्या अन्यायाचेच टोक. पतसंस्थेतला पैसा कोणाचा असतो? रोज पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीचा, निवृत्त शिक्षकाच्या मुदत ठेवीचा, पोरीच्या लग्नासाठी साठवणाऱ्याचा. शाखाधिकारी पैसे कसे काढतो? बनावट सोने तारण कर्ज दाखवून, कोणाच्या तरी सह्या वळवून, किर्द जुळवून. यात त्याला एखाद्या कारकुनाचा विश्वास वापरावा लागेल, कदाचित लेखापरीक्षणाच्या वेळी त्या कारकुनावर संशय ढकलावा लागेल. हे सगळे पडद्यावर आणा. मग अंधार त्याच्या प्रेमातून न येता त्याच्या निवडीतून येईल: ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतःही दुसऱ्यावर अन्याय करतो आहे, आणि ज्याच्यावर करतो आहे तो त्याच्याहून दुबळा आहे.

समलिंगी पात्राने वाईट वागू नये असा नियम कोणी घालू पाहत असेल तर नीरज घेवान यांची 'गीली पुच्ची' दाखवा. २०२१ च्या 'अजीब दास्तान्स' या लघुपटसंग्रहातली ही गोष्ट आहे. कारखान्यात यंत्रावर काम करणारी दलित स्त्री भारती, तिला नाकारलेली कार्यालयातली जागा सहज मिळालेली ब्राह्मण स्त्री प्रिया, आणि दोघींमधले खरेखुरे आकर्षण. शेवटी भारती जे करते ते थंड डोक्याने केलेले आहे आणि त्यात प्रियाचे नुकसान आहे. तरीही तिला कोणी खलनायिका म्हणत नाही, कारण तिच्या निर्णयामागची जात, नोकरी आणि अपमान ही सगळी कारणे आपण एकेक पायरीने पाहिलेली असतात. तिच्या समलिंगी असण्यातून तिची क्रूरता आलेली नाही. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९७५ मध्येच 'फॉक्स अँड हिज फ्रेंड्स'मध्ये दुसऱ्या बाजूने हे केले होते. जत्रेत काम करणाऱ्या फॉक्सला लॉटरी लागते आणि उच्चभ्रू समलिंगी मंडळी, त्यात त्याचा प्रियकरही, त्याला शेवटच्या पैशापर्यंत सोलून काढतात. फॉक्स मरतो, पण त्याला मारले ते वर्गभेदाने. त्या वेळीही या चित्रपटावर समलिंगी प्रेक्षकांपैकी काहींनी नाराजी दाखवली होती, हेही लक्षात असू द्या. सगळे कारणमीमांसा पाहून चित्रपट स्वीकारतील असे नाही.

एक वापरून गुळगुळीत झालेली युक्ती मात्र टाळा: स्वतःचे समलिंगीपण दाबून ठेवल्यामुळे क्रूर झालेला पुरुष. जेन कॅम्पियनच्या २०२१ च्या 'द पॉवर ऑफ द डॉग'मधला फिल तसाच आहे. तो चित्रपट तरतो, कारण ज्या नाजूक मुलाची फिल टिंगल करतो तो मुलगा आपल्याला वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. असा दुसरा घाव तुमच्याकडे नसेल तर त्या वाटेने जाऊ नका. तुमच्या कथेतला खंडणीखोर शेवटी स्वतःही 'तसाच' निघतो असे तुम्ही एका टिपेत सुचवले आहे. ती टीप काढून टाकावी असे माझे मत आहे. त्याला पैसे हवे आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.

मोबाईलच्या दुकानातला तरुण मध्यंतरानंतर दिसतच नाही. हे मला सर्वांत जास्त खटकले. नायकाहून गरीब असलेला जोडीदार अशा कथांत वापरून सोडून दिला जातो. 'अलीगढ'मध्येही मला त्या रिक्षाचालकाविषयी अधिक हवे होते. चित्रफितीत दोघे आहेत आणि नायकाकडे निदान पद आहे, घर आहे. त्या मुलाकडे भाड्याचा गाळा आहे, तोही मालक उद्या काढून घेईल. त्याच्यावर काय गुदरते? तो पळून पुण्याला जातो का? तो खंडणीखोराला सामील असल्याचा संशय नायकाला येतो का, आणि तो संशय खोटा असेल तर? नायकाने एकदा जरी त्याच्यावर तसा आरोप केला तरी तुमच्या उत्तरार्धाला कणा मिळेल.

आतापर्यंतचे थोडक्यात: वर्ष ठरवा, पोलिसांकडे न जाण्याचे कारण लिहा, अफरातफर तपशिलात आणा, पत्नीला आणि त्या तरुणाला स्वतःचे निर्णय द्या. हे झाल्यावर शेवटाकडे परत या, आधी नको.

शेवटी आत्महत्याच ठेवायची ठरली तर काही पथ्ये पाळावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी याविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. तिचा मथितार्थ असा की पद्धत तपशिलात दाखवू नये, मृत्यूला सुटकेचे किंवा सूडाचे तेज चढवू नये, आणि मदतीची वाट अस्तित्वात आहे हे कथेत कुठेतरी दिसावे. प्रेक्षागृहात एखादा मुलगा असा बसलेला असतो की ज्याने अजून कोणालाच काही सांगितलेले नाही. त्याच्यासाठी म्हणून कथा खोटी करू नये, पण त्याला दुसरे दारच नाही असेही त्याला सांगू नये. व्यवहाराची बाजू अशी की प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर तसाच दाखवता येत नाही. 'अलीगढ'च्या तर जाहिरातपटालाही ते प्रमाणपत्र मिळाले होते. निर्मात्याने दूरचित्रवाणीच्या हक्कांवर पैसे मोजले असतील तर हे त्याला आत्ताच सांगा. चित्रीकरणानंतर तो तुमचे नको ते प्रसंग कापेल.

आणि मृत्यू हवाच असेल तर तो नायकाचाच का, असाही विचार करून पाहा. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. त्यात मृत्यू आहे, पण तो नायकाच्या वडिलांचा. मुंबईहून गावी आलेला मुलगा दहा दिवसांच्या सुतकात अडकतो आणि त्या सुतकातच त्याला बालपणीचा मित्र पुन्हा भेटतो. तो डार्क चित्रपट नाही आणि तुम्ही त्याची नक्कल करावी असे मला सुचवायचे नाही. पण शोक घरात असताना, नातेवाइकांच्या गराड्यात, लग्नाच्या चौकश्या चालू असताना जवळीक कशी वाढते, हे त्यात पाहण्यासारखे आहे. तुमच्या पटकथेत दोघांच्या जवळिकीचा एकही प्रसंग दिवसाउजेडी नाही.

माझा कल विचाराल तर मी तुमच्या नायकाला जिवंत ठेवीन आणि त्याला लेखापरीक्षकासमोर बसवीन. समोर खोट्या सोने तारण कर्जांची कागदपत्रे, बाहेर बाकावर ठेवीदार, त्यांत ती भाजीवाली. पैसे कशासाठी काढले, हे सांगितले तर शिक्षा कदाचित थोडी हलकी होईल आणि गावात तोंड दाखवता येणार नाही. नाही सांगितले तर तो निव्वळ चोर ठरेल, पण त्या मुलाचे नाव बाहेर येणार नाही. यातले काय निवडतो त्यावरून तो कोण आहे हे कळेल. निर्मात्याला हा शेवट मऊ वाटणार नाही याची मला खात्री आहे. तरीही दुसऱ्या खर्ड्यानंतर तुम्हाला मृत्यूच खरा वाटला तर तो ठेवा, फक्त तेव्हा समासातली ती दोन उत्तरे शेवटच्या पानापर्यंत लिहून पाहा आणि मैत्रिणीला खर्डा पुन्हा वाचायला द्या. तिने पुन्हा तीच हरकत घेतली तर कोणत्या पानावर पहिल्यांदा तसे वाटले ते तिला विचारा, आणि काम त्या पानापासून सुरू करा.